मावशीने दिलेले दहा दिवस

९ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला ठेवशील, अशी भीती आहे. म्हणून कामाचं आधी. तुझ्या डोळ्यांच्या दाखल्याबद्दल परवाना कार्यालयाचा कागद आमच्या पत्त्यावर आलाय. गेल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तू तीन आठवडे इथे होतीस, तेव्हा त्यांना हा पत्ता दिला होतास. त्यांनी तो तसाच ठेवलेला दिसतो. कागद सोबत जोडलाय. महिनाअखेरीच्या आत दाखला पोचला नाही तर तुला लोकांना गाडी शिकवता येणार नाही, आणि तू घरी हातावर हात ठेवून बसली आहेस हे चित्र काही मला डोळ्यांसमोर आणता येत नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर तू बोलायला लागलीस की मी उत्तरं द्यायला लागते, आणि मग आपलं काय होतं ते दोघींनाही ठाऊक आहे.

इथलं सगळं ठीक. हे अजून गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरतात, आणि आमच्याच इमारतीची लिफ्ट सहा दिवस बंद आहे. तिचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे, त्यामुळे ह्यांना हात लावायची परवानगी नाही. जिन्यात भेटणारे शेजारी ह्यांच्याकडे अशा नजरेने बघतात की हल्ली हे हत्यारांची पिशवी गाडीतच ठेवून वर येतात. माझंही तेच चाललंय. छातीच्या विभागात सकाळी आठ ते चार लोकांना नळीत फुंकायला लावायचं. "मोठा श्वास घ्या, आता जोरात सोडा, सोडा, अजून, अजून, थांबू नका." तू मला फुंकणीवाल्या बाई म्हणायचीस, ते आता विभागात सगळेच म्हणतात.

भिंगरी मजेत आहे. माझ्याहून दोन बोटं उंच झाली. सोळा पूर्ण होतील आता. परवा जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर थोडी बसली, पण दप्तर फार जड असतं हल्ली मुलांचं.

गेल्या मार्चमध्ये जे झालं ते झालं. दोघींचंही थोडंथोडं चुकलं असेल. त्यावर काही लिहीत नाही.

तुझी धाकटी


१८ फेब्रुवारी

ताई,

दप्तर जड नव्हतं. दप्तर माझ्या खांद्यावर होतं.

तू उत्तर पाठवलं नाहीस, आणि ते बरोबरच आहे. त्या पत्राला उत्तर देण्यासारखं काही नव्हतंच. हे पत्र मात्र वाच.

त्या दिवशी जिन्यात तिचं दप्तर, माझी पर्स आणि भाजीच्या दोन पिशव्या मी उचलल्या होत्या, आणि तरी सेहेचाळीस वर्षांची मी तिच्या पुढे होते. तिसऱ्या मजल्यावर मागे वळून पाहिलं तर ही पायरीवर बसलेली, कठड्याला डोकं टेकून, छातीवर हात. खोकत होती. बावीस वर्षं मी लोकांचे श्वास ऐकतेय, ताई. तो खोकला कसला आहे ते मला कळलं. मी म्हटलं, "ऊठ, दूध फ्रीजमध्ये ठेवायचंय."

मग परवा, सोळा तारखेला, शाळेच्या मैदानावर खेळाच्या बाईंनी त्यांना चार फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्या फेरीत ही खाली बसली आणि ओकली. अंग थरथरत होतं, तोंड पांढरंफटक. बाईंनी नाडी बघितली आणि सरळ गाडीत घालून आणलं. आमच्याच हॉस्पिटलात. मला खालून फोन आला तेव्हा एक आजोबा माझ्यासमोर नळी तोंडात धरून बसले होते. मी त्यांना "सोडा, सोडा" म्हणाले आणि तशीच पळाले. ते बिचारे किती वेळ फुंकत बसले कोण जाणे.

काही गंभीर नाही, हे आधी सांगते, नाहीतर तू वाचता वाचता चप्पल घालशील. सलाईन लावलं, हृदयाचा आलेख काढला, छातीचा फोटो काढला. नाडी एकशे अडतीस होती, ती संध्याकाळपर्यंत नव्वदवर आली. आदल्या दिवसापासून पोटात अन्न नव्हतं. सकाळी शाळेच्या दारात एनर्जी ड्रिंकचे दोन डबे प्यायली होती, कारण झोप जेमतेम तीन तास झाली होती. आणि त्यावर ते. निकोटीन जास्त झालं की असंच होतं म्हणाले. अपघात विभागातल्या डॉक्टर तरुण आहेत, त्यांनी महिन्यात अशा चार मुली बघितल्या म्हणाल्या.

त्यांनी विचारलं काय ओढते, आणि मी सांगितलं.

तर ताई, तू म्हणाली होतीस ते खरं होतं. ती ओढते. वेप, ई-सिगरेट, जे काय म्हणतात ते. तू बरोबर होतीस आणि मी चूक. हे लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

रात्रभर तिथे ठेवून काल घरी सोडलं. आज ती झोपली आहे, दुपारचे दोन वाजलेत. मी रजा टाकली आहे.

धाकटी


२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. मागे कसलं तरी धरणाचं चित्र, आणि पुढे तीनच शब्द: "ती जेवते का?"

मी ते कार्ड चार वेळा वाचलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुला वाटत असेल "मी सांगितलं होतं" असं लिहायला हवं होतं. मला तर तेच वाटलं होतं की तू लिहिशील. मी उत्तरसुद्धा तयार ठेवलं होतं.

जेवते. पहिले तीन दिवस नुसती पडून होती आणि जे समोर येईल त्याच्यावर चिडत होती, पाण्याच्या भांड्यावरसुद्धा. चौथ्या दिवशी उठली आणि एका बैठकीत अख्खा ब्रेड खाल्ला, अंड्याबरोबर, लोण्याबरोबर, शेवटचे दोन तुकडे कोरडेच. मी बघत राहिले. वर्षभर मी तिला सकाळी "काहीतरी खाऊन जा" म्हणतेय आणि ती "भूक नाही" म्हणतेय. मला वाटायचं, वय आहे, बारीक व्हायचं खूळ असेल. तिने आता सांगितलं, "ते ओढलं की भूक लागायची नाही, आई. मला तेच आवडलं होतं आधी. मग भूक नसायची आणि ते नसलं की डोकं दुखायचं, मग रात्री झोप यायची नाही, मग सकाळी डबा प्यायचा. सगळं एकाला एक लागून होतं." अशी सांगत होती जणू बसचे थांबे सांगतेय.

सुरुवात शाळेच्या बाथरूममध्ये झाली. एका मैत्रिणीकडे होतं, आंब्याच्या वासाचं. सगळ्याजणी एकेकदा ओढायच्या, ही पहिल्यांदा खोकली म्हणून हसल्या. दुसऱ्यांदा खोकली नाही. एवढंच. मी काहीतरी मोठं कारण शोधत होते, ताई, माझं काय चुकलं, ह्यांचं काय चुकलं. तिला विचारलं तर म्हणाली, "काही कारण नव्हतं. मजा वाटली."

तिने स्वतः होती तेवढी सगळी वेप काढून दिली. चार निघाली. एक मोज्यात, एक अत्तराच्या खोक्यात, एक जुन्या हायलायटरच्या पोकळ नळीत घुसवलेलं, आणि एक माझ्याच हिवाळी कोटाच्या आतल्या खिशात. तिथे मी कधीच हात घालत नाही, हे तिला माहीत होतं.

आता ते लिहिते जे मागच्या पत्रात एका ओळीत उरकलं. "डॉक्टरांनी विचारलं आणि मी सांगितलं" असं लिहिलं होतं. ते तसं सरळ झालं नाही.

डॉक्टरांनी तिला विचारलं, "काय घेतेस? खरं सांग, मी रागावणार नाही." ती माझ्याकडे बघत होती. मी आधी म्हणाले, "नाही हो, आमच्या घरी असलं काही नाही." डॉक्टरांनी पुन्हा तिच्याकडे बघितलं. त्या यंत्रावर तिची नाडी दिसत होती, एकशे अडतीस, एकशे चाळीस. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "वेप. वर्षभर तरी झालं असेल."

तिने मान वळवली. "तुला माहीत होतं?"

मला माहीत होतं, ताई. तू यायच्या पंधरा दिवस आधीपासून. तिचं जॅकेट धुवायला घेतलं तर खिशात निघालं. क्षणभर पेनड्राइव्ह वाटलं. पण आमच्या विभागात एका कॉलेजच्या मुलाने टेबलावर असलंच काढून ठेवलं होतं, त्यामुळे ओळखलं. मी काय केलं सांगू? ते ओल्या फडक्याने पुसलं, जॅकेट धुवून वाळवलं, इस्त्री केली, आणि ते परत त्याच खिशात ठेवून दिलं.

पुढच्या आठवड्यात तिच्या शाळेत फुप्फुसांवर माझं भाषण होतं. मुख्याध्यापिकांनी मुद्दाम बोलावलं होतं. मी प्लास्टिकची फुप्फुसं घेऊन गेले, तीनशे मुलांसमोर उभी राहिले, आणि ती तिसऱ्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजल्या. आणि मग तू आलीस, आणि ऑपरेशननंतर, एका डोळ्यावर पट्टी असताना, जेवणाच्या टेबलावर ह्यांच्यासमोर म्हणालीस, "ही पोरगी ते वाफेचं काहीतरी ओढते, तुम्हा दोघांना कळत नाही का?"

मला नवीन कळलं म्हणून मी भडकले नव्हते. माझं झाकलेलं तू उघडलंस म्हणून भडकले.

भिंगरी त्या खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "मग बोलली का नाहीस? मी वाट बघत होते तू कधी ओरडतेस." आणि मग भिंतीकडे तोंड करून, "मावशी बोलली, तर तू तिलाच घालवलंस."

आज एवढंच. हात दुखतोय, असं म्हणू.

धाकटी


११ मार्च

ताई,

बाईसाहेब आज शाळेत गेल्या. मैत्रिणींनी विचारलं तर काय सांगणार, असं मी विचारलं, तर म्हणाली, "खरं सांगणार. ओकले ते सगळ्यांनी बघितलंय, आता लपवायला काय उरलंय?" तुझ्यावर गेली आहे.

तिची चाचणी फेब्रुवारीअखेरीस आमच्या विभागात झाली. मी केली नाही. मला करू दिली नाही, खरं तर. माझ्या कामावरच्या जोडीदारणीने मला दाराबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून दारातून ऐकत होते, "सोड, सोड, अजून, अजून," आणि मध्येच खोकला, आणि "काही हरकत नाही, परत करू." बावीस वर्षांत ते शब्द बाहेरून कधी ऐकले नव्हते. आत बसलेल्याला ते किती लांबलचक वाटत असतील.

लहान श्वासनलिका थोड्या आवळलेल्या निघाल्या. औषधाचा फवारा दिल्यावर आकडे सुधारले. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी आलेख तिच्यासमोर ठेवला, माझ्यासमोर नाही. म्हणाले, "ह्याचे पुढे वीस वर्षांनी काय परिणाम होतात ते मला माहीत नाही. कुणालाच नीट माहीत नाही, वस्तूच नवी आहे. पण आत्ता तुझं फुप्फुस तुला माफ करायला तयार दिसतंय. तीन महिने त्याला त्रास देऊ नकोस, मग बघू." ती म्हणाली, "आणि नाही जमलं तर?" ते म्हणाले, "तर ये आणि सांग. खोटं बोललीस तर आलेखात दिसतं." ते तितकंसं खरं नाही. आठवड्यातून एकदा तिने समुपदेशक बाईंकडे जायचं ठरलंय. मलाही दोनदा बोलावलंय त्यांनी. का ते विचारायची हिंमत झाली नाही.

तुझे मेहुणे मात्र मला नव्याने कळले. मला वाटलं होतं घर डोक्यावर घेतील. सगळं ऐकून घेतलं, दोन मिनिटं बुटाच्या नाड्या बांधत बसले आणि तिला म्हणाले, "चल." लिफ्ट सुरू झाली आहे आता, पण हे तिला रोज संध्याकाळी तळमजल्यावर नेतात आणि दोघं जिन्याने चढतात. पहिल्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर थांबले. यांनाच धाप लागली होती, पण मुलीसाठी थांबलोय असं दाखवलं. ती वर येऊन मला हळूच सांगते, "बाबा माझ्याहून वाईट आहेत." एक शेजारी विचारत होते, लिफ्टवाल्याला लिफ्टवर भरवसा नाही का. हे म्हणाले, "आहे, पण घरच्यांवर जास्त आहे."

सगळं असं गोड नाही. पाच तारखेला तिने दार आपटलं, मला काय काय बोलली ते लिहीत नाही. मी पण बोलले. तिचं डोकं ठणकत होतं, कसली तरी परीक्षा तोंडावर होती, आणि म्हणाली की एकदाच, फक्त एकदा ओढलं तर सगळं जागेवर येईल. मी दारात उभी राहिले. ती म्हणाली, "बाजूला हो." मी झाले नाही. मग ती जमिनीवर बसली, मीही बसले. तासाभराने भूक लागली म्हणाली. सूप करून दिलं.

ते पिताना तिने मला ते सांगितलं, जे तू मला कधी सांगितलं नाहीस.

तू आलीस त्याच्या तिसऱ्याच दिवशी तुला कळलं होतं. एका खोलीत झोपत होतात दोघी. तिचं बाहीच्या आड तोंड नेणं तू पकडलंस. (म्हणाली, "मावशी म्हणाली, मला शिकाऊ लोकांच्या पायांकडे न बघता बघायची सवय आहे.") आणि तू तिला म्हणालीस, "आईला तू सांगायचंस, मी नाही. दहा दिवस देते. मदत लागली तर मी बाजूला बसते, पण चाक तुझ्या हातात." ती हो म्हणाली. रोज सकाळी तू नुसतं तिच्याकडे बघायचीस आणि ती "आज नाही" म्हणायची. दहाचे बारा झाले, बाराचे सतरा. तेव्हा तू बोललीस.

आणि मी काय म्हणाले? ते वाक्य मी वर्षभर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनी ऐकलं होतं, पण त्यांनीही कधी काढलं नाही. आता लिहिते, कारण न लिहिता माफी मागितली तर ती अर्धी होईल. मी म्हणाले, "स्वतःचं मूल असतं तर कळलं असतं तुला."

तू चमचा खाली ठेवलास. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता गेलीस, चार दिवस आधी, टाके काढायचे बाकी असताना.

ताई, माझ्या मुलीसाठी तू सतरा दिवस जे मनात धरून बसलीस, ते मी आई असून त्याच्याही पंधरा दिवस आधी खिशात परत घालून ठेवलं होतं. चूक दोघींची नव्हती. माझी होती. मला माफ कर. नाही केलंस तरी तिच्याशी बोल. तिला वाटतं की दहा दिवसांत ती बोलली नाही म्हणून तुला तो अपमान सोसावा लागला. तिला कसं समजवायचं ते मला येत नाही.

तुझी,
जिला तू लहानपणी सायकल शिकवताना कधी सोडलंस ते कळलं नाही, ती


३ एप्रिल

ताई,

सात पानं. तीसुद्धा दोन्ही बाजूंनी. कुठे ठेवलं होतंस एवढं?

पहिली दोन पानं मला झोंबली आणि झोंबायलाच हवी होती. त्या वाक्यानंतर तू गाडीत बसून एका पेट्रोल पंपावर दोन तास थांबलीस, कारण एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं आणि दुसऱ्यात पाणी होतं, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि घराबाहेर फिरून आले. आणि टाके तिथल्या कुठल्या तरी डॉक्टरकडे काढून घेतलेस. मी हॉस्पिटलात काम करते, ताई, आणि मी एकदाही विचारलं नाही की तुझा डोळा कसा आहे.

चौथ्या पानावर "माफ केलं असं लिहायला हात वळत नाही, पण राग धरायला आता ताकद उरली नाही, तेव्हा जे राहतं ते तू घे" असं लिहिलंस. घेतलं. मला ते माफीपेक्षाही जास्त आहे.

भिंगरीशी फोनवर काय बोललीस ते ती सांगत नाही. पाऊण तास दार लावून बसली होती. बाहेर आली ती डोळे लाल, आणि हसत होती. म्हणाली, "मावशी म्हणते, तिच्याकडे गाडी शिकायला आलेल्यांपैकी निम्मे लोक पहिल्यांदा ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबतात. तरी बहुतेकांना लायसन्स मिळतं." मग खिडकीत उभी राहिली आणि मोठा सुस्कारा टाकला. असा सुस्कारा, की माझ्या यंत्रावर घेतला असता तर आलेख कागदाबाहेर गेला असता.

बाकी: दहाला झोपते. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतो, ह्यांचा आणि माझासुद्धा. ती तिचीच अट होती, "नाहीतर मी एकटीच का?" सकाळी केळं, अंडं, दूध. एनर्जी ड्रिंकचे डबे बंद. दोन मैत्रिणी तुटल्या त्याचं वाईट वाटतं तिला. तिसरी मात्र हल्ली हिच्याबरोबर जिना चढायला येते. ह्यांना आता दोघींच्या मागे राहावं लागतं.

दाखला वेळेत पोचला हे वाचून बरं वाटलं.

धाकटी


१९ मे

ताई,

आधी फुंकण्याच्या चाचणीचा आकडा सांगते. पंच्याण्णव टक्के. फेब्रुवारीत ब्याऐंशी होता. बाकीचे आकडेही सुधारले आहेत, नलिकांचं आवळलेपण गेलं. डॉक्टरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवले आणि तिला म्हणाले, "सांग, कुठला तुझा?" तिने बोट ठेवलं. ते म्हणाले, "दोन्ही तुझेच. पण इथून पुढे हाच वापर."

या वेळी मला आत बसू दिलं. तिनेच सांगितलं, "आईलाच करू दे, ती जास्त ओरडते." मी नाकाला चिमटा लावला, नळी दिली आणि म्हणायला लागले, "मोठा श्वास घे, आता सोड, सोड, सोड," आणि ती सोडत गेली, सोडत गेली. सहा सेकंद झाले, सात झाले, पडद्यावरची रेघ पुढेच चाललेली, आणि माझा आवाज बंद झाला. माझी जोडीदारीण मागून म्हणाली, "बाई, अजून म्हणा." मला म्हणता येईना. ती तशीच फुंकत होती, डोळे मोठे करून माझ्याकडे बघत, आता तरी थांबू का, असं विचारत. मग सगळेच हसलो. तो प्रयत्न बाद धरावा लागला. दुसरा घेतला.

घरी येताना ती आणि मी बसने आलो. ती खिडकीशी बसली, आणि दोन थांब्यांनंतर माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. भर दिवसा, उघड्या तोंडाने, लहान असताना झोपायची तशी. आमचा थांबा गेला. मी उठवलं नाही. शेवटपर्यंत गेलो आणि परत आलो.

मला किती महिन्यांनी असं वाटलं सांगता येत नाही, की छातीवरून कुणीतरी उठून गेलंय.

तू येतेस का? ह्यांनी विचारायला सांगितलंय. मीही विचारतेय, पण ह्यांचं नाव पुढे करते, कारण त्यांना तू नाही म्हणत नाहीस.

धाकटी


३० मे

ताई,

शनिवारी येतेस, तर हे पत्र तुझ्या हातात पोचेल की नाही कोण जाणे. तरी लिहिते. हे तोंडाने सांगायला घेतलं तर मी मध्येच ओटा आवरायला उठेन आणि तू "पुढे बोल" म्हणशील.

काल संध्याकाळी मी भांडी पुसत होते. भिंगरी येऊन शेजारी उभी राहिली. तिने फडकं घेतलं आणि एक ताट पुसलं, दुसरं पुसलं, तेच परत पुसलं. मग म्हणाली, "आई, आज मी ओढलं. दोनदा. एका वाढदिवसाला गेले होते तिथे."

मी ताट हातात धरून उभी होते. आकडा पंच्याण्णव, तीन महिने, जिने, सूप, सगळं एकदम डोळ्यांसमोरून गेलं. तोंडात कितीतरी वाक्यं आली, आणि त्यातलं एकही चांगलं नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. घशाला लागलं. आवडलं, आणि आवडलं याचाच राग आला. तिथून लवकर निघाले." तिसरं ताट उचलून म्हणाली, "उद्या समुपदेशक बाईंना फोन करणार आहे. तुला आधी सांगायचं होतं."

"चालत आलीस?"

"हो. सगळा रस्ता."

मी म्हटलं, "भूक लागली असेल." ती म्हणाली, "खूप." मी ऑम्लेट केलं. तिने ओट्याला टेकून उभ्या उभ्याच खाल्लं, आणि खाताना कुणाच्या तरी नवीन केसांबद्दल काहीतरी सांगत राहिली. मी अर्धंच ऐकलं.

ताई, मी तिचे खिसे तपासले नव्हते. काही विचारलंही नव्हतं. ती आपणहून आली आणि तिने मला सांगितलं.

शनिवारी स्टेशनवर आम्ही तिघं येतोय.

तुझी धाकटी